भारतीय एडिसन : कै. शंकर आबाजी भिसे

थोरांची चरित्रे म्हटली की संत, वीर, समाजसुधारक आणि देशभक्त यांची नावे आपल्या ओठांवर येतात. संशोधकाचे चरित्र मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते. त्यातही तो संशोधक जर महाराष्ट्रीय असेल, त्याने घरातल्या आणि बाजारातल्या साध्या वस्तूंवर डोके चालवले असेल आणि त्याची उभी हयात परदेशात गेली असेल, तर त्याची ओळख आपल्याला सहसा नसतेच. कै. डॉ. शंकर आबाजी भिसे हे असे एक गृहस्थ होऊन गेले. अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचा एडिसन म्हटले होते. सुमारे दोनशे शोध आणि त्यांपैकी चाळीसएक पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. आपल्या भगिनी मंडळाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र देण्याचे कारण असे की, त्यांची बुद्धी आपल्याच संसारातल्या अडचणींभोवती फिरत राहिली, आणि त्यांना जे यश मिळाले व जे मिळाले नाही, त्या दोन्हींत आपणा सर्वांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पेटंट म्हणजे काय?

चरित्राकडे वळण्यापूर्वी पेटंट या शब्दाचा उलगडा करून घेऊ. मराठीत त्याला एकस्व असा शब्द आहे. एखाद्याने नवी, उपयुक्त आणि पूर्वी कोणालाही ठाऊक नसलेली वस्तू किंवा कृती शोधून काढली, तर तिचे पूर्ण वर्णन आकृत्यांसह सरकारदरबारी नोंदवायचे. सरकार ते वर्णन सर्वांना पाहण्यासाठी खुले करते. त्याच्या मोबदल्यात शोध करणाऱ्याला काही ठराविक वर्षे असा हक्क मिळतो की, त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू दुसऱ्या कोणी करू नये वा विकू नये. मुदत संपली म्हणजे तो शोध सर्वांच्या मालकीचा होतो. विलायतेत त्या काळी ही मुदत चौदा वर्षांची होती. आपल्या देशात पेटंटाचा पहिला कायदा १८५६ साली झाला. पुढे १९११ चा कायदा आला आणि त्यातही मुदत आरंभी चौदा वर्षांचीच होती. आज ती अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे.

या व्यवहारात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, प्रत्येक देशाचे पेटंट निराळे. विलायतेत नोंदवलेला हक्क अमेरिकेत चालत नाही. दुसरी, नुसते पेटंट मिळाल्याने हातात एक पैसाही पडत नाही. वस्तू तयार झाली, विकली गेली, तरच पैसा. उलट हक्क जिवंत ठेवण्यासाठी विलायतेत चार वर्षांनंतर दरसाल चढती फी भरावी लागत असे. म्हणजे शोध विकला जावो अथवा न जावो, मुदतीचे घड्याळ चालूच, आणि फीचा तगादाही चालूच. भिसे यांच्या आयुष्यातील सारी ओढाताण या एका गोष्टीतून समजते.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत अशा पेटंटांचा जणू पूर आला होता. आगगाड्या आणि विजेची यंत्रे यांच्याबरोबरच भांडी घासण्याचे यंत्र, केर ओढून घेणारे यंत्र, दाढीचा सुरक्षित वस्तरा, कडबा कापण्याचे यंत्र, नांगराचे सुधारलेले फाळ अशा घरगुती व शेतकीच्या वस्तू कचेऱ्यांतून नोंदवल्या जात होत्या. घरातली एक साधी अडचण दूर करून माणूस श्रीमंत होऊ शकतो, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. तिने मुंबईतल्या एका मराठी कारकुनाच्या मनात घर केले.

बालपण आणि मुंबईतील दिवस

शंकररावांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांचे लक्ष यंत्रे आणि रसायने यांकडे असे. वस्तू उघडून पाहावी, ती कशी चालते ते समजून घ्यावे, जमल्यास तशीच करून पाहावी, हा त्यांचा नाद होता. मुंबईच्या रस्त्यांवर त्या काळी गॅसचे दिवे लागत. हा गॅस दगडी कोळशापासून काढतात. कोळसा बंद भांड्यात खूप तापवला म्हणजे त्यातून जळणारी हवा निघते. ती धुऊन, स्वच्छ करून नळीवाटे दिव्यापर्यंत नेतात. शंकररावांनी वयाच्या चौदाव्या वर्षी घरच्या घरी असा गॅस तयार करण्याचे साधन उभारले, अशी त्यांची आठवण सांगतात. कोणत्याही शास्त्रशाळेत त्यांचे पद्धतशीर शिक्षण झाले नव्हते. जे शिकले ते पुस्तकांतून, मासिकांतून आणि स्वतःच्या हातांनी.

शालेय शिक्षण आटोपल्यावर त्यांनी सरकारी हिशेब खात्यात नोकरी धरली. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा क्रम चालू झाला. आपल्यासारख्याच छंदाच्या मंडळींना जमवून त्यांनी मुंबईत विज्ञानाचा एक क्लब काढला. ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिकही त्यांनी चालवले. कलाकौशल्याचे व शास्त्राचे ज्ञान मराठी वाचकाला त्याच्या भाषेत मिळावे, हा त्यामागील हेतू होता. दृष्टिभ्रमाचे चमत्कार करून दाखवण्यातही ते वाकबगार होते. या काळातले त्यांचे शोध पाहिले तर त्यांची नजर कोठे होती ते कळते. बाटलीतला अस्सल माल काढून कोणी भेसळीचा माल भरू नये अशी बाटली. आगगाडीत बसलेल्या उतारूला पुढचे स्टेशन कोणते ते दाखवणारे साधन. सायकलीला जोडायची विजेची उपकरणे. रोजच्या व्यवहारात माणूस कोठे अडतो, कोठे फसतो, तेच ते पाहत होते.

वाण्याचा तराजू

एकोणिसावे शतक संपत आले असता लंडनमधील संशोधकांच्या एका मासिकाने एक स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ, चहा यांसारखा सुटा माल आपोआप तोलून गिऱ्हाइकाला देणाऱ्या यंत्राची योजना पाठवायची होती. ते मासिक मुंबईस शंकररावांच्या हाती पडले. त्यांनी आकृत्या काढल्या, वर्णन लिहिले आणि टपालाने लंडनला धाडले. त्या स्पर्धेत विलायतेतले स्पर्धक मागे पडले आणि हिंदुस्थानातल्या या अनोळखी माणसाची योजना पहिली आली.

हा शोध क्षुल्लक वाटेल, पण भगिनींनी आपल्या अनुभवाशी ताडून पाहावा. महिन्याचा किराणा आणताना आपले डोळे कोठे असतात? तराजूच्या काट्यावर. पारड्याला हात लागतो का, वजन पुरते टाकले का, पुडीच्या कागदाचे वजन मालात धरले का, ही काळजी गृहिणीला जगात सगळीकडे सारखीच. मालाचे तोलणे माणसाच्या हातून काढून यंत्राकडे सोपवले की वाणीही आरोपातून सुटतो आणि गिऱ्हाईकही निश्चिंत होते. अशा यंत्रांचे तत्त्व सोपे आहे. वरच्या कोठीतून माल खाली पारड्यात पडत राहतो. ठरलेले वजन भरले की पारडे झुकते, आणि झुकताना तेच कोठीचे दार लावून घेते. तत्त्व सोपे असले तरी माल तुंबू नये, दार वेळेवर लागावे आणि दहा वेळा तोलले तरी वजन तेच यावे, यातच सगळी कारागिरी आहे.

या यशाने मुंबईच्या पुढारी मंडळींचे लक्ष शंकररावांकडे गेले. राष्ट्रीय सभेचे एक प्रमुख कार्यकर्ते दिनशा वाच्छा यांनी लंडनला राहणाऱ्या दादाभाई नौरोजींच्या नावे त्यांना पत्र दिले. ते घेऊन शंकरराव विलायतेस निघाले. पोटापाण्याची सरकारी नोकरी मागे टाकून, तिशी ओलांडल्यावर, केवळ डोक्यातल्या कल्पनांच्या भरवशावर समुद्र ओलांडणे हे त्या काळी लहान धाडस नव्हते.

दादाभाईंचा आधार

दादाभाई हे १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले पहिले हिंदी सभासद. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेस कशी वाहून जाते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले होते आणि त्या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या कामात बुडालेला हा वृद्ध पुढारी एका तरुण संशोधकाच्या यंत्रांत पैसा का घालतो, असे कोणासही वाटेल. पण दादाभाईंचा हिशेब सरळ होता. ज्या देशाला स्वतःची यंत्रे करता येत नाहीत, तो कच्चा माल विकत राहणार आणि पक्का माल विकत घेत राहणार. हिंदी माणसाला बुद्धी आहे, पण शोध लावण्याची ऐपत नाही, असे म्हणणाऱ्यांना जिवंत उत्तर हवे होते. म्हणून त्यांनी शंकररावांना स्वतः आर्थिक साहाय्य केले आणि इतरांकडेही त्यांच्यासाठी शब्द टाकला.

लंडनमध्ये शंकररावांनी अनेक शोध हाती घेतले. विजेच्या दिव्यांनी जाहिराती दाखवणारे त्यांचे यंत्र तेथील प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. स्वयंपाकघरातील सोयीच्या वस्तू, टेलिफोन, डोकेदुखीवर आराम देणारे साधन, आपोआप पाणी सोडून स्वच्छ होणारे शौचकूप अशा नाना गोष्टी त्यांनी योजल्या. यांतील शौचकूपाचा विचार करा. शहरोशहरी मैला डोक्यावरून वाहण्याचे काम माणसांकडून करून घेतले जात होते, अशा देशातून आलेल्या माणसाने साखळी ओढण्याचीही आठवण ठेवावी न लागणाऱ्या शौचकूपाची कल्पना करावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण एक शोध मार्गी लागण्यापूर्वी दुसरा, दुसरा पुरता होण्यापूर्वी तिसरा, असे होत गेले. नमुना करायला कारागीर हवा, कारखाना हवा, भांडवल हवे. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दारी जावे लागे. फीची तारीख मात्र कोणासाठी थांबत नसे.

खिळ्यांचे यंत्र

यातूनच त्यांनी आपले सगळे लक्ष एका मोठ्या शोधावर लावले. तो म्हणजे छापखान्याचे खिळे ओतण्याचे यंत्र. आपल्या मुलींना आज छापण्याचे खिळे पाहायला मिळणार नाहीत, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. संगणकावर अक्षरे जुळवण्याची सोय येण्यापूर्वी प्रत्येक अक्षराचा धातूचा एक खिळा असे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतून हे खिळे पाडीत. कंपॉझिटर ते एकेक करून जुळवी, मग शाई लावून छपाई होई. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने याच कामात मोठे नाव कमावले होते. ज्ञानाचा प्रसार पुस्तकांवर, पुस्तके छापखान्यावर आणि छापखाना खिळ्यांवर अवलंबून. खिळे जलद आणि स्वस्त पडले की पुस्तक स्वस्त होणार. ‘विविध कला प्रकाश’ चालवणाऱ्या माणसाला या गोष्टीचे महत्त्व कोणी सांगावयास नको होते.

भिसे यांच्या यंत्राला भिसोटाइप असे नाव मिळाले. त्या काळच्या यंत्रांपेक्षा ते पुष्कळ अधिक वेगाने खिळे पाडील, असा त्यांचा दावा होता. लंडनच्या जाणत्या यंत्रज्ञांना तो प्रथम खरा वाटेना. शंकररावांनी नमुने करून दाखवले आणि शंका फेडल्या. पण नमुना दाखवणे निराळे आणि शेकडो यंत्रे विकण्याजोगा कारखाना उभा करणे निराळे. एवढा पैसा एकट्या दादाभाईंच्या आवाक्यातला नव्हता. त्यांनी आपले इंग्रज स्नेही, विलायतेतील समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांना या कामात घातले. हिंडमन हे हिंदुस्थानच्या बाजूने बोलणारे गृहस्थ होते. परंतु त्यांच्याकडून अपेक्षिलेले भांडवल उभे राहू शकले नाही. १९०७ साली दादाभाई वार्धक्यामुळे कायमचे मायदेशी परतले. लंडनमध्ये शंकररावांचा आधार तुटला आणि १९०८ च्या अखेरीस त्यांनीही हताश होऊन मुंबईची वाट धरली.

गोखले आणि टाटा

येथे नशिबाने हात दिला. त्याच सुमारास नामदार गोपाळ कृष्ण गोखले विलायतेतले काम उरकून हिंदुस्थानात परत येत होते. त्यांची आणि शंकररावांची गाठ पडली. गोखल्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली, चौकशी केली आणि जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे त्यांची शिफारस केली. हे रतन टाटा म्हणजे पुढे सर झालेले, १९१८ साली वारलेले उदार गृहस्थ. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला त्यांनी हजारो रुपये दिले होते. त्यांनी भिसे यांच्या शोधांसाठीही पैसा दिला आणि टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट नावाची संस्था स्थापन झाली. शंकरराव पुन्हा लंडनला गेले. पुन्हा नमुने, पुन्हा सुधारणा, पुन्हा पेटंटे असा क्रम सुरू झाला.

यंत्र बाजारात येण्याची आशा दिसू लागली तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विलायतेतले कारखाने तोफा आणि गोळे करू लागले. खिळ्यांच्या यंत्राकडे पाहण्यास कोणास सवड राहिली नाही. सिंडिकेटचे काम थंडावले. ज्या माणसाने आयुष्याची पंधरा वर्षे एका शहरात घातली, त्याला वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा नव्याने आरंभ करण्याची पाळी आली.

अमेरिका

१९१६ साली शंकरराव अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तेथे खिळे ओतण्याच्या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले. त्यांनी यंत्राची रचना पुन्हा एकदा सोपी केली. १९२० साली त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि १९२१ च्या सुमारास भिसे आयडियल टाइप कास्टर हे यंत्र विक्रीस आले. लंडनमध्ये धरलेला ध्यास न्यूयॉर्कमध्ये फळास आला. मधली इतकी वर्षे गेली ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, भांडवल जुळेना म्हणून.

रसायनशास्त्रातही त्यांनी काम केले. आयोडीनपासून तयार केलेले त्यांचे ॲटॉमिडीन नावाचे द्रव औषध अमेरिकेत पुष्कळ खपले. येथे भगिनींना एक सूचना करणे अगत्याचे आहे. आयोडीन शरीराला अगदी थोडे लागते आणि ते आपल्याला आयोडीनयुक्त मिठातून मिळते. अधिक झाले तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला अपाय होतो. म्हणून अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. आयुष्याच्या उत्तरार्धात शंकररावांचे मन अध्यात्माकडे आणि परलोकविद्येकडेही वळले होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचे एक केंद्र चालवले. मृतात्म्यांशी बोलण्याचे यंत्रही त्यांनी केले होते. त्या काळी युरोप-अमेरिकेतले अनेक नामांकित शास्त्रज्ञ या नादी लागले होते, म्हणून त्यांना एकट्याला दोष देण्याचे कारण नाही.

१९३० साली त्यांची आणि थॉमस एडिसनची भेट झाली. ज्याच्या नावाने लोक त्यांना ओळखत, तो जगप्रसिद्ध संशोधक त्या वेळी ऐंशीच्या घरात होता आणि पुढच्याच वर्षी वारला. दोघांची तुलना नेहमी केली जाते, पण ती करताना एक गोष्ट विसरली जाते. एडिसनच्या नावावर एकट्या अमेरिकेत १०९३ पेटंटे आहेत, ही गोष्ट खरी. परंतु त्याच्यापाशी स्वतःची प्रयोगशाळा होती, हाताखाली कसबी माणसांचा ताफा होता, मागे धनिकांचे भांडवल होते आणि पायाखाली स्वतःचा देश होता. शंकररावांपाशी यांतले काहीच नव्हते. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यातली निम्म्याच्या आसपास वर्षे त्यांनी परमुलखात काढली. त्यांच्या जन्मभूमीत मात्र त्यांचे नाव हळूहळू विस्मरणात गेले.

त्याच काळची आणखी दोन माणसे

शंकररावांच्या आयुष्याचा अर्थ नीट कळावा म्हणून त्यांच्याच वेळच्या दोन व्यक्तींकडे पाहू. पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते शंकररावांहून दोन वर्षांनी लहान. चित्रकला शिकण्यास मुंबईस आले, रंग ओळखण्यात डोळे कमी पडले म्हणून यंत्रांच्या आकृत्यांकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे नोकरी सोडून बेळगावला भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. लक्ष्मणराव खचले नाहीत. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, फाळ सुधारला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. याच घराण्याने १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढले, ज्याची वाट घरोघरच्या बायका पाहत असत.

दुसरी व्यक्ती एक गृहिणी आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्स या बाईंना कॉफीत उरणाऱ्या गाळाचा कंटाळा आला होता. त्यांनी पितळेच्या भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली आणि त्यावर मुलाच्या वहीतला टिपकागद ठेवून कॉफी गाळली. कॉफी स्वच्छ आली. १९०८ साली बाईंनी या युक्तीची सरकारदरबारी नोंद केली आणि नवऱ्याला बरोबर घेऊन घरातूनच धंदा सुरू केला. त्यांच्या नावाची कंपनी आजही चालू आहे. आपल्या देशातही त्याच सुमारास, १९१० मध्ये, बंगालच्या इंदुमाधव मल्लिक यांनी थोड्या कोळशावर, वाफेने, एकावर एक डब्यांत भात, डाळ, भाजी शिजवणारा इकमिक कुकर काढला. प्रेशर कुकर १९५९ पासून आपल्याकडे तयार होऊ लागले. त्याआधी कितीतरी घरांत अशा वाफेच्या कुकरांनी बाईचा चुलीपुढचा वेळ वाचवला.

या सर्वांच्या कथा एकत्र ठेवल्या म्हणजे असे दिसते की, कल्पना, नोंद आणि धंदा या तीन पायऱ्या आहेत. शंकररावांनी पहिल्या दोन पायऱ्या अनेकदा चढल्या. तिसरीसाठी त्यांना प्रत्येक वेळी दुसऱ्याचा हात धरावा लागला आणि तो हात कधी वार्धक्याने, कधी मंदीने, कधी युद्धाने सुटला. लक्ष्मणराव व मेलिटाबाई यांनी एकच लहान वस्तू धरली, ती गिऱ्हाइकापुढे नेली आणि तिच्यावर पाय रोवून पुढे गेले. म्हणून शंकरराव अयशस्वी ठरतात काय? मुळीच नाही. परतंत्र देशातल्या माणसाची बुद्धी कोणाहून उणी नाही, हे त्यांनी कागदोपत्री सिद्ध करून ठेवले. त्यांची पेटंटे आजही नोंदीत आहेत. ती कोणी पुसू शकत नाही.

आपल्यासाठी बोध

कागदाचे मोल जासईकरांना वेगळे सांगावयास नको. ज्या गावी दि. बा. पाटील जन्मले, ज्या परिसराने जानेवारी १९८४ च्या लढ्यात पाच हुतात्मे दिले, त्या गावाला ठाऊक आहे की घाम गाळून कसलेली जमीन आपली असली तरी हक्क लिहून घेतल्यावाचून तो पदरात पडत नाही. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क अशाच झगड्यातून कागदावर आला. जमिनीचे जे, तेच बुद्धीचे. डोक्यातून निघालेली वस्तू ही सुद्धा एक मिळकतच आहे. फरक एवढाच की, तिचा सातबारा आपणहून कोणी करून देत नाही.

आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी युक्त्या झाल्या. उखळ-मुसळ, सूप, रोवळी, विळी, मासळी वाळवण्याच्या मांडण्या, भाताच्या खाचरातील आणि मिठागरातील हत्यारे, ही कोणाच्या तरी डोक्यातून निघाली असली पाहिजेत. त्यांत बायकांचा वाटा केवढा असेल! पण त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या वस्तूंवर आता कोणाला पेटंट मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. शेती करण्याच्या रीतीवर वा परंपरागत ज्ञानावर आपल्या कायद्याने पेटंट देता येत नाही. पण नवे हत्यार, नवे यंत्र, नवी घरगुती वस्तू यांवर अवश्य मिळते.

तेव्हा आपल्यापैकी कोणाला किंवा आपल्या लेकीसुनांपैकी कोणाला असे काही नवे सुचले तर चार गोष्टी पाळाव्यात. कल्पना सुचताच तारीख घालून वहीत लिहावी आणि आकृती काढावी. अर्ज करण्यापूर्वी ती वस्तू प्रदर्शनात मांडू नये, बाजारात विकू नये किंवा तिचे चित्र जगजाहीर करू नये, कारण एकदा उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. वस्तू पुरी तयार नसेल तर तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण वर्णन देण्यास बारा महिन्यांची मुदत मिळते. महाराष्ट्रासाठी पेटंटाची कचेरी मुंबईतच आहे. एकट्या व्यक्तीला मोठ्या कंपन्यांपेक्षा फीही कमी पडते. खेड्यापाड्यांतील संशोधकांना साहाय्य करण्यासाठी २००० साली स्थापन झालेली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था गुजरातेत आहे. आणि सर्वांत महत्त्वाची चौथी गोष्ट ही की, अनेक कल्पनांमागे धावण्यापेक्षा एक वस्तू धरून ती शेजारणींच्या हाती वापरायला द्यावी, मात्र अर्ज दाखल केल्यानंतर. त्यांच्या तक्रारी हीच खरी परीक्षा.

कै. शंकररावांना जे साहाय्य दादाभाई, गोखले आणि टाटा यांनी दिले, ते आपल्या परीने लहान प्रमाणावर एखादे भगिनी मंडळही देऊ शकते. बचत गटाच्या पैशातून नमुना करता येईल, शिकलेल्या मुली अर्ज लिहून देतील, आणि हिंमत तर आपण सर्वजणी मिळून देऊच. ज्या गृहस्थाने वाण्याच्या तराजूपासून आरंभ करून जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मराठी बुद्धीचे नाव नेले, त्याचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत कोणती?